हाराखालची जागा

येसबा चित्राआधी भिंत बघायला जात. गिऱ्हाईक फोटो घेऊन आलं, की फोटोकडे ते नंतर बघत, आधी विचारत, "कुठं लावणार हायसा?" त्याचं उत्तर मिळालं की मागोमाग दुसरा प्रश्न यायचा, "कशापायी?" या दुसऱ्या प्रश्नाला माणसं गडबडत. वडील वारले, त्यांचं चित्र घरात लावायचं, यात कशापायी काय विचारायचं? पण समाधान झाल्याशिवाय येसबा ब्रशला हात लावत नसत. मग एखाद्या दिवशी छत्री काखेत मारून ते गिऱ्हाइकाच्या घरी जात, चित्र जिथं लागणार त्या भिंतीसमोर बसून चहा पीत, खिशातून पांढरा दोरा काढून भिंत मापत आणि घरातल्या बायकांशी तासभर गप्पा मारून परत येत. टेप त्यांनी कधी घेतला नाही. टेप नुसता आकडा सांगतो आणि आकड्याला आपण काय करायचं, असं त्यांचं म्हणणं होतं.

माझी आणि त्यांची पहिली भेट म्हणजे माझी फजितीच. मी हातकणंगल्याची. चित्रकलेची पदविका घेऊन कोल्हापुरात मुलींच्या शाळेत नुकतीच लागले होते, बावीस वर्षांची होते आणि अजून कायम झाले नव्हते. शाळेचे संस्थापक अण्णासाहेब आदल्या वर्षी वारले होते. मूळचे पेठ वडगावचे, गुळाचे मोठे व्यापारी. स्वतः चार इयत्ता शिकलेले, पण मुलींनी शिकावं म्हणून पदरची जागा देऊन शाळा काढलेली. त्यांच्या पहिल्या पुण्यतिथीला हॉलमध्ये तैलचित्र लावायचं संस्थेनं ठरवलं. शाळेत चित्रकलेची बाई आहे म्हटल्यावर मोठ्या बाईंनी फोटो माझ्याच हातात दिला आणि मला गंगावेशीत येसबांकडे धाडलं.

दुकान म्हणजे एक लांबट, अंधारी खोली. पूर्वी नाटकांचे पडदे आणि सिनेमाचे बोर्ड रंगवायचे, ते काम कमी झाल्यावर माणसांची चित्रं करायला लागलेले. दाराच्या मागे खिळ्यांना पांढऱ्या दोऱ्यांची भेंडोळी टांगलेली. मी फोटो पुढे केला. कुठं लावणार, हे विचारून झालं, मग कशापायी आलं. मी नुकतीच शिकून आलेली, त्यामुळं व्यक्तिमत्त्वाचा आविष्कार वगैरे बरंच काही बोलले. येसबांनी ते सगळं नीट ऐकून घेतलं, ब्रशच्या दांड्यानं कान खाजवला आणि म्हणाले, "त्ये झालं. पर बघणार कोण?"

मी म्हटलं, मुली. उभ्यानं की बसून, त्यांनी विचारलं. प्रार्थनेला उभ्या असतात, मी म्हटलं. पोरी केवढ्या? दहा ते सोळा वर्षांच्या. मग येसबांनी फोटोकडे पहिल्यांदा पाहिलं.

"मग डोळं जरा खाली ठेवू. म्हातारा आपल्याकडं बघतोय असं पोरींना वाटाय पायजे. न्हायतर छताकडं बघणारी थोर माणसं लई झाल्यात गावात."

पदविकेच्या तीन वर्षांत मला पेन्सिल कशी धरायची, रंगसंगती कशी साधायची हे सगळं शिकवलं होतं. चित्र बघणाऱ्या मुलीची उंची किती, हे कुणीही विचारलं नव्हतं. मी खाली मान घालून शाळेत परतले आणि पुढच्या आठवड्यात काही कारण काढून पुन्हा तिकडे गेले. मग जातच राहिले.

गावात त्यांची चित्रं कुठं कुठं होती, ती बघायला मी शिकले. एका तालमीतला मारुती त्यांचा. तो त्यांनी नेहमीपेक्षा हातभर वर टांगायला लावला होता, कारण जोर मारून थकलेल्या पोरानं मान वर केल्यावरच देव दिसायला पाहिजे; म्हणजे पोरगं मान वर तरी करील. एका मटणाच्या खानावळवाल्यानं निसर्गदृश्य मागितलं, तर येसबा आधी तीन दिवस तिथं जेवले. तिसऱ्या दिवशी नाक पुसत म्हणाले, इथं डोंगर नको, पाणी पाहिजे. आणि समोरच्या अख्ख्या भिंतीवर त्यांनी गार, हिरवं पाणी काढलं, एक पायरी बुडालेली. तांबडा रस्सा ओरपणारं गिऱ्हाईक मान वर करायचं आणि सुस्कारा टाकायचं. मालकाची तक्रार एवढीच होती की माणसं जेवून झाल्यावर उठत नाहीत.

"चित्राला बी काम असतंय," येसबा म्हणत. "काम नसलं तर नुसता खिळा अडवून बसतंय."

त्यांच्यात दोषही होते. दिलेली तारीख त्यांनी कधी पाळली नाही. कुणी घाई केली की ते त्या चित्राकडे पाठ करून दुसरं सुरू करत. आणि सगळ्यात मोठा दोष हातांचा. फोटो बहुतेक छातीपर्यंतचे असायचे, गिऱ्हाइकाला मात्र खुर्चीत ऐसपैस बसलेले वडील हवे असायचे. मग येसबा आरशापुढं बसून स्वतःचेच हात काढत. त्यांची एक करंगळी लहानपणी मोडून आत वळलेली होती. त्यामुळं कोल्हापुरात त्या काळी भिंतीवर चढलेल्या निम्म्याअधिक थोर माणसांची करंगळी वाकडी आहे. वकील, व्यापारी, एक इनामदार, सगळ्यांचे हात एका रंगाऱ्याचे. मी हे एकदा मोठा शोध लावल्यासारखं त्यांना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "मग काय सरणावरनं मागून आणू?"

एकदा मी त्यांना हट्टानं एका प्रदर्शनाला नेलं. मुंबईहून शिकून आलेल्या एका तरुणाचं होतं. नुसते रंग, आकार कुठंच नाही. वाटेत मी त्यांना या चित्रांचा अर्थ कसा लावायचा ते समजावत होते. येसबांनी पहिलं चित्र पाहिलं आणि त्या तरुणाला विचारलं, ह्याला काम काय? तो म्हणाला, ही माझ्या मनातली घालमेल आहे. येसबा त्याला हसले नाहीत. ते म्हणाले, मग हे तुमच्या घरात लावू नका, तुम्हाला ती ठाऊकच आहे. पुढं एका निळ्या चित्रापुढं मात्र ते इतका वेळ उभे राहिले की माझे पाय दुखले. शेवटी त्या तरुणाला जवळ बोलावून त्यांनी सांगितलं, हे दवाखान्यात द्या, माणसं आपला नंबर यायची वाट बघत बसतात तिथं. त्यांना बघायला काहीतरी पाहिजे, आणि त्यात माणूस नको. आधी जरा फुरंगटलेला तो चित्रकार हे ऐकून वही काढून लिहायला लागला. परत येताना पापाच्या तिकटीला आल्यावर येसबा मला म्हणाले, "अर्थ चित्रात नसतोय, बाई. बघणाऱ्याचं कायतरी अडल्यालं असतंय, त्यात असतोय."

अण्णासाहेबांचं चित्र पुण्यतिथीच्या आदल्या संध्याकाळी शाळेत आलं. येसबा स्वतः आले, स्वतः ते हॉलमध्ये चढवलं आणि वर मखमली पडदा सोडला. मी दुकानात ते अर्धवट असताना पाहिलं होतं: काळा कोट, कपाळावर भस्माचे पट्टे, खाली वळलेली नजर, मांडीवर येसबांचे हात. जाताना त्यांनी खिशातून एक दोरा काढून माझ्या हातात दिला. दोन्ही टोकांना गाठ होती. "हा हाराचा दोरा. उद्या पडद्याच्या आतच हार चढवायचा, आन हार ह्या दोऱ्याएवढा. चार बोटंबी कमी नको."

मी मान डोलावली. त्यांच्या दोऱ्याच्या वेडाचं मला आता कौतुकही वाटेनासं झालं होतं. त्याच संध्याकाळी मला मुलींचे परीक्षेचे कागद घरी न्यायचे होते, बांधायला सुतळी सापडेना, म्हणून मी त्याच दोऱ्यानं कागदांची गुंडाळी बांधली आणि विसरले. सकाळी शिपायानं महाद्वार रोडवरून नेहमीचा हार आणला आणि स्टुलावर चढून पडद्याच्या आत हात घालून अंदाजानं अडकवला.

पाहुण्यांनी भाषणात अण्णासाहेबांच्या दातृत्वाबद्दल सांगितलं, साधेपणाबद्दल सांगितलं आणि सगळ्यात जास्त त्यांच्या निर्व्यसनी आयुष्याबद्दल सांगितलं. ते खरंच गावोगाव व्यसनाविरुद्ध बोलत हिंडलेले होते. मग दोरी ओढली, पडदा पडला. टाळ्या सुरू झाल्या आणि मधेच विरल्या. हार आखूड होता, गळ्याशीच अडकला होता. त्याच्या खाली, काळ्या कोटाच्या आतल्या खिशातून, हिरव्या खणाची लाल काठाची चंची डोकावत होती. तंबाखूची चंची. शंका राहू नये म्हणून चुन्याची पितळी डबीही शेजारी चमकत होती. पहिल्यांदा पाचवीच्या मुली हसल्या. मग सगळा हॉल हसला. पाहुणे रुमालानं तोंड पुसायला लागले. पहिल्या रांगेत अण्णासाहेबांच्या पत्नी बसल्या होत्या, त्यांना सगळे अक्का म्हणत. त्यांनी पदर तोंडाला लावला होता आणि शेजारच्या बायका त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. मी बाजूला उभी होते, म्हणून मला दिसलं. अक्काही हसत होत्या, आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं.

त्यांचे चिरंजीव मल्लिकार्जुन तेव्हा संस्थेचे सेक्रेटरी होते. सभ्य माणूस, आवाजसुद्धा चढवला नाही. संध्याकाळी मोठ्या बाईंच्या खोलीत मला बोलावून ते म्हणाले, "लोक हसले, बाई. माझ्या वडलांना लोक हसले." त्यांनी येसबांना निरोप पाठवला होता, ते पुसून टाका म्हणून. येसबांनी नाही म्हणून कळवलं होतं. तेव्हा आता ते मी करायचं होतं, येत्या सोमवारच्या आत. पुढच्या महिन्यात मला कायम करायचा विषय बैठकीत आहे, हेही त्यांनी सांगितलं. धमकी म्हणून नव्हे, सहज. पण मला ते व्हायचं तसंच ऐकू आलं. घरी माझ्या पगारावर आई आणि दोन भावंडं होती.

मी गंगावेशीत गेले. दोरा येसबांपुढं धरला आणि मी त्यानं काय बांधलं होतं ते सांगून टाकलं. मला वाटलं, आता येसबा मला दाराबाहेर काढतील. ते दोऱ्याकडे बघत राहिले. मग दाराच्या मागची ती भेंडोळी दाखवून त्यांनी मला पहिल्यांदा आपल्या धंद्यातली खरी गोष्ट सांगितली.

"तोंड लोकांसाठी असतंय, बाई. हाराखालचं घरच्यांसाठी. सुकल्याला हार काढणारं माणूस घरचंच असतंय. पावणं काय हार काढाय येत न्हाईत."

एका वकिलाच्या चित्रात हाराखाली बटण तुटलेलं आहे. त्यांची बायको ते आज लावते, उद्या लावते म्हणत राहिली आणि ते गेले. एका मास्तरांच्या कोटावर खडूचा पांढरा डाग आहे. कोडोलीच्या एका आजीच्या पदराला गाठ आहे, त्या गाठीत नातवंडांच्या लिमलेटच्या गोळ्या असायच्या. घरच्या बायकांशी तासभर गप्पा मारून येसबा हेच शोधून आणत. आणि हार किती लांब असला की ते झाकतं, ते तो दोरा सांगायचा. लोक आले की त्यांना थोर माणूस दिसावा. हार सुकला, घरातल्या कुणी एकट्यानं तो उतरवला, की त्याला आपलं माणूस दिसावं. एवढ्यासाठी सगळा खटाटोप.

माझ्या हातानं मी काय उघडं पाडलं होतं ते मला तेव्हा कळलं. मी तिथंच रडायला लागले. येसबांना बायकांच्या रडण्याचं काय करायचं ते कळत नसे. त्यांनी मला रंगाचं फडकं पुढं केलं. मी म्हटलं, मी ते पुसणार नाही, नोकरी गेली तरी चालेल. ते म्हणाले, "नोकरी घालवून चित्र ऱ्हातंय व्हय? तुमी न्हाय केलासा तर दुसरं कुणी तेलाच्या रंगानं करंल, आन मग संपलंच." मग त्यांनी मला युक्ती सांगितली. शाळेत मुली वापरतात तोच पाण्यातला रंग घ्यायचा, काळा, किंचित निळा मिसळून. तेलावर पाणी धरत नाही, म्हणून त्यात थेंबभर साबण. दिसायला कोट, ओलं फडकं फिरवलं की जाणार.

"अक्कास्नी मी सांगून ठेवतो," ते म्हणाले.

सोमवारच्या आत मी चंची झाकली. मल्लिकार्जुन बघून गेले, समाधानानं मान हलवली. पुढच्या महिन्यात मी कायम झाले. जवळून पाहिलं तर तिथं कोट जरा मळका दिसायचा, पण थोर माणसाच्या चित्राजवळ जातो कोण?

वर्ष सरलं. दुसऱ्या पुण्यतिथीला कार्यक्रमाच्या दोन तास आधी अक्का शाळेत आल्या. हॉलमध्ये मी एकटीच होते. त्यांनी ओलं फडकं आणलं होतं, पुरचुंडीत बांधून. पुण्यतिथीला फोटो पुसायचाच असतो, त्यात कुणाला काही वावगं वाटायचं कारण नव्हतं. मी स्टूल धरलं, अक्का वर चढल्या आणि त्यांनी कपाळापासून सुरुवात केली. तैलचित्राला काच नसते. छातीशी हात आला तसा फडक्याला काळा रंग लागला आणि खालून हिरवा खण वर आला. अक्का थांबल्या. तिथंच स्टुलावर उभ्या राहून त्यांनी मला सांगितलं. ती चंची त्यांनी शिवलेली, लग्नातल्या चोळीचा खण उरला होता त्याची. अण्णासाहेबांनी तंबाखू चार वेळा सोडली. चारही वेळा चंची आणून त्यांच्या हातात दिली आणि चारही वेळा आठ दिवसांनी चुलीपाशी येऊन मुकाट उभे राहिले. व्याख्यानाला जातानासुद्धा ती आतल्या खिशात असायची. ते गेले त्या दिवशी लोक जमायच्या आत मुलानं ती कोटातून काढली आणि कुठं टाकली ते त्यांना कधी कळलं नाही.

"शाळा त्यांची, हॉल त्यांचा, गाव त्यांचं," अक्का म्हणाल्या. "ह्या येवड्या चित्रात माझं तेवडंच हाय, बाई."

मग मी दोऱ्यानं मापून आणलेला हार आम्ही दोघींनी चढवला. लोक आले, भाषणं झाली, कुणाला काही दिसलं नाही. चार दिवसांनी हार सुकला, तो मी उतरवला आणि पाण्यातल्या रंगानं चंची पुन्हा झाकली. पुढं दर वर्षी हे असंच चाललं. अक्का धुवायच्या, मी झाकायची. दोऱ्याचं माप घेऊन फुलवाल्याकडं मीच जायची; शिपायावर विसंबले नाही. येसबा पुण्यतिथीच्या सुमारास भेटले की एवढंच विचारत, "धुतलं का औंदा?" मी हो म्हटलं की त्यांच्या तोंडावर काम झाल्यावरचा एक आराम यायचा.

चौदा-पंधरा वर्षांत खूप बदललं. चंदनाच्या आणि प्लास्टिकच्या फुलांच्या माळा आल्या. एकदा घातली की कायमची. येसबांना हे फार लागलं. हार सुकलाच नाही तर काढणार कोण, असं ते म्हणायचे, आणि नव्या गिऱ्हाइकाला आधीच दम भरायचे की माझ्या चित्राला खरी फुलं, नाहीतर दुसरा रंगारी बघा. बहुतेकांनी दुसरा बघितला. पुढं फोटोच मोठे करून मिळायला लागले. शेवटी त्यांचं दुकान दिवसातले दोन तास उघडायचं, आणि तेही मी किंवा शेजारचा सायकलवाला बोलायला गेलो तर.

ते गेले ते साध्या तापानं. मी भेटायला गेले तेव्हा घरात गर्दी होती आणि कुणीतरी फोटो शोधत होतं. पेपरात द्यायला, भिंतीवर लावायला. एकही फोटो सापडेना. गावाची तोंडं रंगवणाऱ्या माणसानं स्वतःचं तोंड कुठं ठेवलंच नव्हतं. मला फार वाईट वाटलं आणि मी त्यांच्या पत्नीला, हौसाबाईंना म्हटलं, मी आठवून एक चित्र काढते. माझा हात काही त्यांच्यासारखा नाही, पण काढते. हौसाबाई रडत नव्हत्या. त्यांनी डोळे वर केले.

"कशापायी?" त्या म्हणाल्या. "गावभर हात हाईत की त्यांचं."

आठवड्यानंतर त्या शाळेत आल्या. अण्णासाहेबांच्या मांडीवरचे ते हात, ती वाकडी करंगळी बघत हॉलमध्ये थोडा वेळ बसल्या आणि चहा न घेता गेल्या. त्यांना तिथं बसलेलं बघून मला जे वाटलं, ते मी आजवर कुणाला नीट सांगू शकलेले नाही.

दोन वर्षांनी अक्काही गेल्या. त्या वर्षीच्या पुण्यतिथीला सकाळी मी सवयीनं हॉलमध्ये गेले, हातात ओलं फडकं होतं. धुवायला माणूस नव्हतं. मीच स्टुलावर चढले आणि पुसलं. हिरवा खण वर आला, चुन्याची डबी चमकली. आणि माझ्या मनानं घेतलं, की आता बास झालं. जिच्यासाठी हे जपलं ती गेली, ज्यानं काढलं तोही गेला. आता मी कायम होते, वयानं मोठी होते, मला कुणाचं भय नव्हतं. दिसू दे लोकांना. मी शिपायाला मुद्दाम सांगितलं की हार नेहमीचाच आण, दोऱ्याची गरज नाही.

त्या सकाळी मल्लिकार्जुन लवकर आले. ते आता संस्थेचे चेअरमन होते, केस पांढरे झाले होते, अंगात काळा कोट होता. आत शिरले आणि समोर पाहून थांबले. मी स्टुलाशेजारी फडकं घेऊन उभी. मी बोलायची तयारी करून ठेवली होती, चांगली कडक. ती वापरायची वेळच आली नाही. ते चित्राजवळ गेले, इतक्या वर्षांत पहिल्यांदा इतके जवळ, आणि त्यांनी चष्मा काढून पुसून पुन्हा घातला.

"आई गेल्यावर तिची पेटी उघडली," ते म्हणाले. "तळाला लग्नातली चोळी होती. ह्याच खणाची."

मग खालच्या आवाजात म्हणाले, "मी ती उकिरड्यावर टाकली होती, बाई. मला वाटलं, वडलांची अब्रू राखतोय."

मी त्यांना सगळं सांगितलं. दर वर्षीचं धुणं, माझं झाकणं, येसबांची युक्ती. त्यांनी मान खाली घालून ऐकलं. एवढ्यात शिपाई हार घेऊन आला. मल्लिकार्जुननी तो हातात घेतला, चित्रापुढं धरून पाहिला आणि मान हलवली. "ह्याच्यावर परत रंग लावू नका," ते मला म्हणाले. "पण हार मोठा पाहिजे. हे सगळ्यांनी बघायचं नाही. हे घरचं आहे."

येसबांकडं इतकी वर्षं बसून जे मी त्या दिवशी विसरले, ते या माणसाला कुणी न शिकवता कळलं. मी दुसऱ्यांदा आखूड हार घालायला निघाले होते, आणि या वेळी जाणूनबुजून. मी पर्समधून दोरा काढला. पांढरा राहिला नव्हता, पण दोन्ही गाठी शाबूत होत्या. त्यांनी विचारलं, हा कुणाचा? मी सांगितलं, आणि येसबांनी तो देताना काय बजावलं होतं तेही.

शिपाई पुढं आला, मी जाऊन येतो म्हणाला. मल्लिकार्जुननी दोरा त्याच्याकडं दिला नाही. बोटाला गुंडाळला आणि ते स्वतः निघाले.

त्या वर्षी पाहुणे वेळेवर आले, मुली रांगेत बसल्या, मोठ्या बाई घड्याळ बघत होत्या, तरी कार्यक्रम अर्धा तास सुरू झाला नाही. संस्थेचे चेअरमन महाद्वार रोडवर फुलवाल्यापुढं दोरा ताणून धरून उभे होते, आणि चार बोटंबी कमी नको म्हणून त्याला बजावत होते.